चारशें यार्डांवरची कोंडी

विद्यापीठाच्या परीक्षेचा निकाल पाहावयाचा तर पूर्वीं वर्तमानपत्राची वाट पाहावी लागे. आतां वाशीम जिल्ह्यांतील अनसिंगसारख्या गांवीं बसलेला विद्यार्थीहि तो संगणकावर पाहूं शकतो. परंतु निकालाच्या दिवशीं सर्वत्र एकच प्रकार घडतो. हजारों हात एकाच दाराची कडी वाजवितात; पान उघडत नाहीं; मग प्रत्येकजण अधीर होऊन तीच कळ पुन्हां पुन्हां दाबतो. महाविद्यालयाच्या संगणक-कक्षांतून तक्रार उठते कीं, तार बिघडली किंवा यंत्रें जुनीं झालीं. कित्येकदां ती तक्रार खरीहि असते. पण कांहीं वेळां तार धड असते, यंत्रहि धड असतें, आणि तरी सारा कारभार ठप्प होतो. असें कां व्हावें, या प्रश्नाचें उत्तर प्रथम मिळालें तें एका विद्यापीठाच्या परिसरांतच.

हें घडलें ऑक्टोबर १९८६ मध्यें. अमेरिकेंतील बर्कले येथें कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा यांच्या संगणकांमध्यें अंतर होतें अवघें चारशें यार्डांचें. या दोन ठिकाणांमधील दळणवळण एरवीं सेकंदास ३२,००० बिट या वेगानें चाले. तें एकाएकीं ४० बिटांवर आलें. म्हणजे वेग आठशें पटींनीं घटला. आठ बिटांचें एक अक्षर धरलें तर हीं सेकंदास पांच अक्षरें झालीं. दोन हजार अक्षरांचें पत्र पोहोंचावयास साडेसहा मिनिटांहून अधिक वेळ लागावा! तेवढ्यांत एखादा शिपाई तें पत्र हातीं घेऊन पायींच पलीकडे जाऊन पोहोंचला असता.

प्रयोगशाळेंतील व्हॅन जेकबसन यांनीं विद्यापीठांतील मायकेल कॅरेल्स यांच्या सहकार्यानें या रोगाचें निदान करण्याचें काम हातीं घेतलें. संगणक आपला मजकूर अखंड पाठवीत नाहीं. त्याचीं लहान लहान पुडकीं करतो. पुडकें पोहोंचलें कीं पलीकडून पावती येते. ठराविक वेळांत पावती आली नाहीं, तर पुडकें हरवलें असें समजून तो तेंच पुन्हां रवाना करतो. नियम शहाणपणाचा खरा. पण गर्दीच्या वेळीं तोच घातक ठरला. वाटेंतील नाक्यावर रांग लांबली म्हणजे पावतीस उशीर होई. उशीर झाला कीं तेंच पुडकें दुसऱ्यांदा निघे. त्यानें रांग आणखी लांबे. अखेर नव्या मजकुराऐवजीं जुन्याच पुडक्यांच्या नकलांनीं मार्ग भरून गेला. सर्वच संगणक मोठे उद्योगी होते, आणि त्या उद्योगापायींच कोणाचेंहि काम पुरें होत नव्हतें. अशी कोंडी होऊं शकते, हा इशारा जॉन नेगल यांनीं १९८४ सालींच देऊन ठेवला होता.

नवी, रुंद तार टाकावी हा उपाय कोणासहि सुचेल. जेकबसन यांनीं १९८८ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत निराळी वाट दाखविली. प्रारंभीं एकच पुडकें पाठवावें. पावती आली तर दोन, मग चार, असें माप वाढवीत जावें. पुडकें हरवल्याची खूण दिसतांच माप एकदम खालीं आणावें, आणि पुढें सावधपणें चढवावें. पावतीची वाट किती पाहावयाची, हेंहि मार्गाच्या प्रत्यक्ष अनुभवावरून ठरवावें. मार्ग भरला असतां एक पुडकें बाहेर पडल्यावांचून दुसरें आंत घालूं नये, हें त्यांतील मुख्य तत्त्व. हे नियम बर्कलेच्या युनिक्स प्रणालींत घालण्यांत आले व तेथून सर्वत्र पसरले. त्यांचें पालन होतें कीं नाहीं हें पाहणारा चौकीदार मार्गावर कोणीच नव्हता. ज्यानें त्यानें आपल्या टोकाला स्वतः होऊन हात आखडावयाचा होता.

भारतांत याच १९८६ सालीं केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्यानें ‘अर्नेट’ हें शिक्षण व संशोधन संस्थांचें जाळें विणण्यास आरंभ केला. त्यांत पांच आय. आय. टी. होत्या, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था होती आणि मुंबईचें राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रहि होतें. १९८९ च्या सुमारास या मुंबईच्या केंद्रांतून अमेरिकेशीं जी वाट उघडली, तिचा वेग सेकंदास ९,६०० बिट. आजचें दहा लक्ष अक्षरांएवढें एक छायाचित्र त्या वाटेनें यावयास जवळजवळ १४ मिनिटें लागलीं असतीं. एवढ्या अरुंद वाटेवरून अनेक संस्थांचा मजकूर न्यावयाचा, तर तेथें संयमावांचून गत्यंतर नव्हतें.

संगणकाच्या पोटांतहि असाच रोग उद्भवतो. एकाच वेळीं अनेक कामें उघडलीं म्हणजे स्मृति अपुरी पडते; मग यंत्राचा सारा वेळ मजकूर तबकडीवर ठेवण्यांत आणि परत आणण्यांत जातो. पीटर डेनिंग यांनीं १९६८ सालीं याची मीमांसा केली. स्मृतींत मावतील तेवढींच कामें एका वेळीं चालूं द्यावीं, हें त्यांच्या उपायाचें सार. म्हणून जाणता तंत्रज्ञ प्रथम विचारतो: एकच यंत्र मंद आहे कीं सर्व? एकच असेल तर त्या यंत्राची स्मृति तपासावी. सर्व असतील तर तार पाहावी. आणि ठराविक घटकेलाच सर्व मंदावत असतील, तर गर्दीचा संशय घ्यावा.

ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतु नेण्याची योजना केंद्र सरकारनें २०११ सालीं मंजूर केली; पुढें तिला ‘भारतनेट’ हें नांव मिळालें. वाटा रुंद होत आहेत, आणि त्यांवरून चालणारेहि वाढत आहेत. पावतीला उशीर झाला तर थोडें थांबावें, हें यंत्राला १९८८ सालीं शिकवितां आलें. निकालाच्या सकाळीं कळीवर टेकलेल्या बोटाला मात्र तें अजून शिकावयाचें आहे.