खाजण, कोळसा आणि ग्रंथालय

ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल शहराच्या दक्षिणेला, समुद्राला लागून ग्लेनरॉक नावाचे एक लहानसे खाजण आहे. फ्लॅगी क्रीक हा ओढा टेकड्यांतून उतरून इथे साचतो. मध्ये वाळूचा बांध. मोठा पाऊस झाला की तो फुटतो, मग लाटा वाळू आणून तो पुन्हा घालतात. भोवती दाट झाडी. १९८६ पासून हा परिसर संरक्षित आहे. आज पाहणाऱ्याला वाटेल, इथे माणसाचा हातच लागला नसेल.

पण मंडळी, या टेकड्यांच्या पोटात कोळसा आहे. इथल्या मूळच्या अवाबकल लोकांच्या भाषेत त्याला 'निक्किन' हा शब्दही होता. इंग्रजांना तो सापडला १७९७ च्या सुमारास. १७९९ मध्ये 'हंटर' नावाचे जहाज इथला कोळसा घेऊन निघाले, ते थेट आपल्या बंगालला!

१८३५ मध्ये डॉ. जेम्स मिचेल यांनी इथली जमीन घेतली. पुढे खाणी निघाल्या, तांबे गाळण्याची भट्टी पेटली. या मिचेलबाई मूळच्या ऑगस्टा स्कॉट. त्यांचे वडील डॉ. हेलेनस स्कॉट म्हणजे आपल्या मुंबईत कंपनी सरकारचे डॉक्टर. १८०२ मध्ये तीन वर्षांच्या एका मुलीला देवीची लस यशस्वीपणे टोचली गेली, हिंदुस्थानातली पहिली, ती त्यांच्याच काळात मुंबईला. १८२१ मध्ये ऑस्ट्रेलियाला जाताना ते बोटीवरच वारले.

मिचेल दांपत्याचा मुलगा डेव्हिड. खाजणाकडची जमीन पुढे बहिणीच्या सासरी, मेरेवेदर घराण्यात गेली. डेव्हिडच्या वाट्याला हंटर खोऱ्यातल्या दुसऱ्या कोळशाच्या जमिनी आल्या. वकिलीची परीक्षा दिली, पण वकिली केली नाही. लग्न नाही. आयुष्यभर पुस्तके जमवली. १९०७ मध्ये ते गेले तेव्हा साठ हजारांहून अधिक ग्रंथ आणि सत्तर हजार पौंड लोकांसाठी ठेवून गेले. १९१० मध्ये सिडनीत मिचेल लायब्ररी उघडली.

मास्तरकी केलेल्या माणसाचे हात इथे आपोआप जोडले जातात. पण मन तेवढ्यावर थांबत नाही. दान मिचेलचे, पण जमीन कोणाची? कोळशाला आधी नाव देणाऱ्यांना त्यातला एक पौंडही मिळाला नाही.

त्यांच्यातल्या बिराबान नावाच्या जाणत्या माणसाने मात्र पाद्री थ्रेलकेल्ड यांना आपली भाषा शिकवली. त्यातून १८३४ मध्ये व्याकरण छापले गेले. बोलणारे विरत गेले, पुस्तक उरले. आज अवाबकल लोक त्याच पानांच्या आधाराने आपली भाषा पुन्हा शिकत आहेत.

मुखपृष्ठावर नाव पाद्र्याचे आहे. पण मला विचाराल तर या साऱ्या गोष्टीतला सर्वांत मोठा दाता बिराबान.