जत्रेची शेवटची मजल

यात्रेकरू आगगाडीने नाशिकला यायला लागले, तरी आगगाडी त्यांना नाशकात सोडत नव्हती. थळ घाटातला लोहमार्ग १८६५ मध्ये पूर्ण झाला आणि मुंबईहून गोदाकाठ जवळ आला. स्टेशन मात्र गावापासून आठ-नऊ किलोमीटर लांब, आजच्या नाशिक रोडला. गाठोडी, म्हातारी माणसं आणि कडेवरची पोरं घेऊन उतरलेल्यांनी टांगेवाल्याशी घासाघीस करायची, नाहीतर सरळ चालू लागायचं.

या अडचणीतूनच नाशिकची ट्राम निघाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्टेशनापासून मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपर्यंत अडीच फुटी रूळ पडले. सुरुवातीला डबे दोन आणि ओढायला चार घोडे. सल्लागार अभियंता होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. पुढे बार्शी लाइट रेल्वे उभारली तीही त्यांनीच, आणि तीही अडीच फुटी. ती गाडी पंढरपूरला पोचली आणि वारकऱ्यांची झाली. मोठी गाडी जिथे थांबते तिथून तीर्थापर्यंत छोटी गाडी न्यायची, हे काम महाराष्ट्रात इतक्या लवकर सुरू झालं याचं श्रेय नाशिकला द्यायला हवं. दुष्काळ आणि प्लेगने ट्रामचा धंदा बुडवला. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली.

मग एसटी आली. १ जून १९४८ रोजी पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर धावली आणि काही वर्षांतच ‘जत्रेच्या जादा गाड्या’ गावोगावच्या बोलण्यात रुळल्या.

या जादा गाड्यांचं खरं रूप पाहायचं तर चैत्रात किंवा नवरात्रात नांदुरीला जावं. सप्तशृंगी गडाच्या पायथ्याचं हे गाव. यात्राकाळात खासगी गाड्या इथेच थांबवतात आणि पुढचा दहाएक किलोमीटरचा घाट एसटीने चढायचा. खानदेशातून दिवसचे दिवस चालत आलेले पदयात्री, त्यांच्या खांद्यावरचे भगवे झेंडे, नवसाच्या साड्यांच्या पिशव्या, झोपलेली मुलं, सगळं एका गाडीत मावतं. गाडी पुरती थांबायच्या आत खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी आत पडते आणि जागा धरली जाते. २००८च्या जानेवारीत याच घाटात भाविकांची खासगी बस दरीत कोसळली आणि चाळीसहून अधिक माणसं गेली. अशा वळणांवर सराईत चालकाच्या हातीच सुकाणू हवं, ही अट जाचक वाटली तरी योग्यच आहे.

नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याचा धडा याहून कठोर. २७ ऑगस्ट २००३ रोजी रामकुंडाजवळच्या अरुंद उतारावर चेंगराचेंगरीत ३९ भाविक मेले. त्यामुळे २०१५च्या सिंहस्थात प्रशासनाने गर्दी शहराबाहेरच अडवायचं ठरवलं. बाहेरच्या वाहनतळावर गाडी लावायची, तिथून एसटीने आतल्या थांब्यावर आणि पुढे पायी. पण २९ ऑगस्टच्या पहिल्या स्नानपर्वणीला बंदोबस्त इतका आवळला की लोकांची मैलोन्‌मैल पायपीट झाली आणि गर्दी अंदाजापेक्षा कमीच राहिली. १३ सप्टेंबरच्या दुसऱ्या पर्वणीला बंधनं सैल केली, तेव्हा गोदेचे घाट फुलले.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी हीच व्यवस्था लहान प्रमाणात दिसते. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरी डोंगराच्या फेरीसाठी निघालेल्यांनी गाड्या खंबाळ्याला लावायच्या आणि एसटीने त्र्यंबक गाठायचं. ट्राम फुकट नव्हती, जादा गाड्यांनाही तिकीट असतंच. मात्र ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि मार्च २०२३पासून बायकांना निम्मं तिकीट. सुनेच्या कमाईतून भाडं मागायला संकोचणारी आजी आता आपणहून निघते.

पुढच्या सिंहस्थाच्या पर्वण्या २०२७च्या पावसाळ्यात आहेत. रस्ते रुंद होतील, पूल होतील. पण वाहनतळावर पावसात उभं राहायला छप्पर, बायकांसाठी पुरेशी स्वच्छतागृहं आणि परतीची गाडी कुठून सुटेल हे दुरूनही वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांतला फलक, हेही तितकंच आधी ठरायला हवं. स्नान उरकून ओल्या लुगड्यात परतणारी बाई याच तीन गोष्टी शोधत असते.