महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७

महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ हा ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीस मागणीनुसार अंगमेहनतीचे काम मिळण्याचा हक्क देणारा महाराष्ट्र राज्याचा कायदा आहे. विधिमंडळाने तो एकमताने संमत केला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. या हक्कासाठी लागणारा पैसा खास करांतून उभारण्यात आला, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

पार्श्वभूमी

या योजनेचे जनक म्हणून विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांचा उल्लेख केला जातो. तासगाव तालुक्यातील विसापूर येथील प्रयोगातून ही कल्पना आकारास आली. १९७२-७३ च्या दुष्काळात लक्षावधी स्त्री-पुरुष दुष्काळी कामांवर गेले, तेव्हा कायमस्वरूपी हमीची निकड सर्वपक्षीयांना पटली.

करव्यवस्था

१९७५ च्या कायद्याने नोकरदार, व्यापारी व व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसविण्यात आला. त्याशिवाय विक्रीकर, मोटार वाहने, बागायती जमीन इत्यादींवर जादा भार टाकण्यात आला. या करांच्या उत्पन्नाइतकीच रक्कम राज्य शासनाने रोजगार हमी निधीत घालावयाची होती. संविधानाच्या अनुच्छेद २७६ नुसार व्यवसाय करास वार्षिक २५० रुपयांची मर्यादा होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये झाली.

खर्चाचे नियम

मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता देणे शासनावर बंधनकारक होते. कामाच्या खर्चापैकी किमान ६० टक्के रक्कम अकुशल मजुरीवर खर्च व्हावी, असा दंडक होता. पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते ही प्रमुख कामे होत. १९९० पासून फळबाग लागवडही योजनेस जोडण्यात आली.

गुणदोष

कराचा भार प्रामुख्याने शहरांवर व लाभ ग्रामीण गरिबांना, ही या कायद्याची जमेची बाजू मानली जाते. मजुरी कामाच्या मापावर ठरत असल्याने स्त्री-पुरुषांना समान दर मिळे. लाभार्थींच्या याद्या करण्याची गरज नव्हती. ज्याला खरोखर गरज असे, तोच उन्हात खडी फोडावयास येई.

टीकाकारांचे आक्षेपही तितकेच गंभीर आहेत. १९८८ मध्ये मजुरीचे दर मोठ्या प्रमाणात वाढल्यानंतर मागेल त्याला काम मिळेनासे झाले, असा निष्कर्ष काही अर्थतज्ज्ञांनी काढला. बेकारी भत्ता क्वचितच दिला गेला. रस्ते देखभालीअभावी खचले, तर तलाव व फळबागांचा लाभ भूमिहीनांपेक्षा जमीनधारकांस अधिक झाला. कर नियमितपणे वसूल होत असताना निधीतील रक्कम अखर्चित राहिल्याबद्दलही शासनावर टीका झाली. स्वतंत्र निधीमुळे पैशाची सोय झाली, तरी मजुराचा हक्क गावात वेळेवर काम निघण्यावरच अवलंबून राहिला.

नंतरचा काळ

केंद्राच्या २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. त्या कायद्याने प्रत्येक कुटुंबास वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात मात्र दिवसांची अशी कमाल मर्यादा नव्हती.