मोबाईल बापाच्या नावावर, वापर पोराचा: मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेसाठी पालकांना माहीत असायलाच हव्यात अशा गोष्टी

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळा बंद पडल्या आणि ऑनलाइन तासांसाठी खेड्यापाड्यातल्या अनेक घरांत पहिला स्मार्टफोन आला. कुणी दुधाच्या बिलातून घेतला, कुणी हप्त्यावर. शाळा पुन्हा भरल्या, मोबाईल मात्र घरातच राहिला. आता शाळेचा ग्रुप त्यावर, अभ्यासाचे व्हिडिओ त्यावर, शिष्यवृत्तीचा फॉर्मही त्यावरच. त्यामुळे 'पोरांच्या हातात मोबाईल देऊच नका' हा सल्ला द्यायला सोपा आणि पाळायला अवघड झाला आहे. मोबाईल राहणारच असेल, तर पालकांनी नेमकं काय करायचं, याची ही माहिती.

मोबाईलला वाटतं, वापरणारा चाळिशीतला आहे

आपल्याकडे बहुतेक घरांत सिम वडिलांच्या नावावर, गुगल खातं वडिलांचं, यूपीआय वडिलांचं आणि संध्याकाळी मोबाईल पोराच्या हातात. यूट्यूब काय किंवा इन्स्टाग्राम काय, समोर कोण बसलंय हे त्यांना दिसत नाही. खात्यावरची जन्मतारीख बघून ते माल दाखवतात. वडिलांच्या खात्यावर चौदा वर्षांचा मुलगा बसला, की लहान मुलांसाठी केलेली सगळी बंधनं आपोआप बाजूला पडतात.

इन्स्टाग्रामचंच घ्या. फेब्रुवारी २०२५ पासून भारतात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळी 'टीन अकाउंट' व्यवस्था लागू झाली. खातं आपोआप खासगी होतं, अनोळखी माणसाला मेसेज करता येत नाही, रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद राहतात. सोळाच्या आतल्या मुलाला ही बंधनं सैल करायची असतील, तर पालकाची परवानगी लागते. व्यवस्था चांगली आहे, पण मुलाने जन्मसाल खोटं टाकलं की तिचा उपयोग शून्य. म्हणून पहिलं काम हे, की मुलाचं स्वतःचं गुगल खातं खऱ्या जन्मतारखेने काढा. १३ वर्षांखालच्या मुलाचं खातं पालकालाच 'फॅमिली लिंक' या ॲपमधून काढावं लागतं. त्याहून मोठ्या मुलाचं खातंही या ॲपला जोडता येतं. मग कोणतं ॲप उतरवायचं आणि रात्री किती वाजता मोबाईल बंद व्हावा, हे तुम्हाला तुमच्या फोनवरून ठरवता येतं.

घरात एकच मोबाईल असेल तर? बऱ्याच ॲन्ड्रॉइड फोनमध्ये 'मल्टिपल युजर्स' नावाची सोय असते, काही कंपन्या तिला 'सेकंड स्पेस' म्हणतात. एकाच फोनमध्ये दोन खोल्या कराव्यात तसं हे आहे. मुलाच्या खोलीत तुमचे फोटो, तुमचं व्हॉट्सॲप, तुमचं यूपीआय दिसत नाही. ही सोय फोनच्या सेटिंगमध्ये असते. सापडली नाही, तर ज्या दुकानातून मोबाईल घेतला तिथे दाखवून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

व्हॉट्सॲपमध्येही दोन-तीन बटणं दाबून ठेवा. प्रायव्हसीत जाऊन ग्रुपमध्ये कोण घेऊ शकेल तिथे 'माय कॉन्टॅक्ट्स' करा, प्रोफाइल फोटोलाही तेच करा आणि अनोळखी नंबरचे कॉल गप्प करणारं बटण चालू ठेवा. 'लिंक्ड डिव्हाइसेस' मात्र महिन्यातून एकदा तरी उघडून बघा. तिथे ओळखीचं नसलेलं यंत्र दिसलं, तर तुमचे मेसेज कुणीतरी दुसरीकडे बसून वाचतंय असं समजा आणि लगेच लॉगआउट करा.

पैशाची बाजू

खताच्या दुकानात पेमेंट करायचं असलं की वडील मोबाईल पोराकडे देतात आणि पिनही सांगतात. पुढे तोच पिन गेममधले डायमंड आणि नव्या बंदुका घ्यायला वापरला जातो. यात पोराला झोडपून काही होत नाही. पिन बदला आणि स्वतः टाकायला शिका. पिकाचे पैसे किंवा आईचे लाडकी बहीणचे हप्ते ज्या खात्यात येतात ते खातं यूपीआयला जोडूच नका. रोजच्या खर्चाला एक लहान खातं वेगळं ठेवा. पैसे 'मिळवण्यासाठी' पिन कधीच टाकावा लागत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ पाहिजे.

पैसे लावून खेळायच्या गेमबद्दल पालकांत अजून गोंधळ आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या गेमवर देशभर बंदी आली. रमी असो की क्रिकेटची टीम लावणं असो, 'हा कौशल्याचा खेळ आहे' ही पळवाट राहिलेली नाही. शिक्षा असे गेम चालवणाऱ्याला आणि त्याची जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. त्यामुळे पोराचे पैसे अशा ॲपवर गेले असतील, तर तक्रार करायला घाबरू नका.

दुसरा धोका एपीके फाइलचा. लग्नपत्रिका, आरटीओचं चलन, पीएम किसानची यादी अशा नावांनी व्हॉट्सॲपवर फाइल येते आणि नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. पत्रिका फोटोत किंवा पीडीएफमध्ये येते, एपीके म्हणजे ॲप. ते उतरवलं की तुमचे ओटीपी परस्पर दुसरीकडे जाऊ शकतात. फुकटात डायमंड देणारे गेमचे एपीकेही याच जातीचे.

आणि बारावीच्या, कॉलेजच्या पोरांना आजकाल जी ऑफर येते तिच्याबद्दल घरात बोलाच: 'तुझं बँक खातं आणि सिम महिनाभर दे, पाच हजार देतो.' फसवणुकीचा पैसा अशा भाड्याच्या खात्यांतून फिरवला जातो. चौकशी खातेदारापासून सुरू होते, म्हणजे पोलीस आधी आपल्याच दारात येतात. तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत, हे केंद्र सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर बघता येतं. ओळखीचं नसलेलं सिम तिथूनच बंद करायला सांगता येतं.

फोटोवरून धमकी आली तर

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि सगळ्यात कमी बोलणंही यावरच होतं.

मुलांच्या बाबतीत प्रकार साधारण ठरलेला असतो. मुलीच्या नावाने रिक्वेस्ट येते, दोन दिवस गोड बोलणं होतं, मग व्हिडिओ कॉल. कॉल रेकॉर्ड होतो आणि 'पैसे टाक, नाहीतर तुझ्या सगळ्या नातेवाइकांना पाठवतो' अशी धमकी येते. एकदा पैसे दिले की थोड्या वेळाने 'पोलीस अधिकारी' म्हणून दुसऱ्याचा फोन येतो, तोही त्याच टोळीतला. मुलींच्या बाबतीत धमकी देणारा बऱ्याचदा ओळखीचाच निघतो. डीपीवरचा साधा फोटो घेऊन एआयच्या ॲपने अश्लील फोटो बनवणं आता कुणालाही जमतं. मुलीने काहीही पाठवलेलं नसतानाही हे होऊ शकतं, हे आधी डोक्यात घ्या.

धमकी देणाऱ्याचं खरं भांडवल तो फोटो नसतो, घरच्यांची भीती असते. 'घरी कळलं तर मोबाईल जाईल, शाळा सुटेल, स्थळं बघायला लागतील,' हे पोरीला माहीत असतं आणि त्यालाही माहीत असतं. म्हणून ती दोन-दोन महिने एकटी सोसते, कुणाकुणाकडून उसने मागते, आणि काही मुलं जिवाचं बरंवाईट करून घेतात. या लेखातली सगळी सेटिंग विसरलात तरी चालेल, पण आज रात्री जेवताना मुलांना एवढं सांगा: काहीही झालं, तुझी चूक असली तरी, आम्हाला सांगितलंस म्हणून मोबाईल काढून घेणार नाही आणि शाळा बंद करणार नाही. आणि वेळ आली तर शब्द पाळा. एकदा मोडला की पुढच्या वेळी पोर सांगणार नाही. मुलीचं लग्न १८ च्या आत लावून देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, 'अब्रू वाचवण्यासाठी' केलं म्हणून तो माफ होत नाही.

प्रत्यक्षात काय करायचं, तर पैसे देऊ नका. चॅट डिलीट करू नका, घाईत सगळे तेच करतात आणि पुरावा जातो. नंबर, प्रोफाइलचं नाव आणि लिंक, यूपीआय आयडी, पैसे गेले असतील तर व्यवहार क्रमांक, या सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या, मग ब्लॉक करा. तो फोटो 'पुरावा' म्हणून भाऊबंदांच्या ग्रुपवर किंवा ओळखीच्या पुढाऱ्याला पाठवू नका, अल्पवयीन मुलाचा असा फोटो पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे. ज्या ॲपवर फोटो आला तिथेही तक्रार नोंदवा. नग्न किंवा बनावट अश्लील फोटोबद्दल ज्याची त्याने तक्रार केली, तर कंपनीला तो दोन तासांच्या आत काढावा लागतो. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवाही आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि त्यावरून सहभागी कंपन्या तो फोटो शोधून अडवतात.

पोलीस ठाण्याची पायरी चढायची म्हटलं की पालक मागे सरतात, गावात बोभाटा होईल म्हणून. पोक्सो कायद्यात याचा विचार आधीच केलेला आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही. नाव, पत्ता, शाळा, फोटो छापायला माध्यमांना मनाई आहे, आम्हालाही. आणि 'हे आमच्या हद्दीत येत नाही' असं म्हणून परत पाठवता येत नाही. गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्याला तो नोंदवून घ्यावाच लागतो.

आपला मुलगा दुसऱ्या बाजूला असेल तर

याचा विचार पालक सहसा करत नाहीत. वर्गातल्या मुलीचा फोटो ग्रुपवर फिरतो तेव्हा तो फिरवणारी पोरंही कुणाच्या तरी घरचीच असतात. अल्पवयीन मुलांची अश्लील चित्रं बनवणं, बघणं, उतरवणं, पुढे पाठवणं, यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब मध्ये पहिल्याच वेळी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड आहे. असं साहित्य मोबाईलमध्ये साठवून ठेवणंही पोक्सोखाली गुन्हा ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. १८ च्या आतल्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, म्हणजे ते सुटतं असं नाही. पोराला हे भाषण देऊन सांगण्यापेक्षा, त्याच्या बहिणीचा फोटो असता तर काय केलं असतंस, एवढं विचारा.

गावांनी काय केलं

यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने २०२२ मध्ये अठरा वर्षांखालच्यांना मोबाईलबंदीचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने वेगळी वाट धरली. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावात टीव्ही, मोबाईल बंद ठेवायचे, मोठ्यांचेही. आम्हाला दुसरी वाट जास्त पटते, कारण बंदी मुलांवर असली की मुलं शेजारच्याचा मोबाईल शोधतात. भोंगा नसला तरी घरापुरती एक वेळ ठरवता येते. रात्री सगळ्यांचे मोबाईल, बापाचा धरून, स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचे. मुलाला न सांगता फोनमध्ये हेरगिरीचं ॲप टाकायला सांगणारे बरेच भेटतील. ते टाकू नका. मुलाला ते आठवडाभरात कळतं आणि मग तो तुम्हाला सांगायचं थांबवतो.

हे नंबर मोबाईलमध्ये आत्ताच सेव्ह करा. पैसे गेले तर १९३०, जितक्या लवकर लावाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवण्याची शक्यता जास्त. मुलांच्या कुठल्याही अडचणीसाठी १०९८, दिवसरात्र चालू. तातडीला ११२. मूल गप्प गप्प राहू लागलं, जेवेना, झोपेना, तर टेलिमानसचा १४४१६, मोफत आहे. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर करता येते, महिला आणि मुलांच्या प्रकरणात नाव न देताही. नंबर सेव्ह करताना नावाआधी 'अ' लावा, म्हणजे यादीत वरच सापडतील.