शाळा समाजाची, मग निर्णय कुणाचा?

शिक्षणात समाजाचा सहभाग हवा, असे आज प्रत्येक शिक्षक-प्रशिक्षणात सांगतात. मुंबईत ही गोष्ट पावणेदोनशे वर्षे जुनी आहे. 1848 साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या तरुणांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी मुलींच्या शाळा काढल्या. दादाभाई नौरोजींसारखे तरुण तिथे बिनपगारी शिकवत. गिरगावात नाना शंकरशेट यांनी मुलींच्या शाळेला स्वतःची जागा दिली.

मुसलमानांना असे पाऊल उचलायला आणखी पंचवीस वर्षे लागली. मुंबईच्या बोहरा, खोजा, मेमन आणि कोकणी व्यापाऱ्यांकडे पैसा होता. अडचण भीतीची होती: इंग्रजी शिकून मुलगा दीनपासून तुटला तर?

1874 साली बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे थोरले बंधू कमरुद्दीन, नाखुदा महंमद अली रोगे आणि मुन्शी गुलाम महंमद यांनी अंजुमन-ए-इस्लामचा पाया घातला. तय्यबजी सुलेमानी बोहरा, तर रोगे कोकणी; म्हणजे जमातींच्या भिंती ओलांडूनच काम सुरू झाले. 1880 मध्ये शाळा उघडली. 1893 मध्ये ती बोरीबंदर स्टेशनसमोरच्या आजच्या इमारतीत आली. शाळेत इंग्रजी आणि आधुनिक विषय होते, शिवाय उर्दू आणि दीनी तालीमही होती. पालकांच्या भीतीला जाहिल म्हणून हिणवण्यापेक्षा तिला अभ्यासक्रमात जागा देणे, हा मला या इतिहासातला सगळ्यात मोलाचा धडा वाटतो.

आज आपण तो विसरलो आहोत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. 2014 साली सुप्रीम कोर्टाने हा कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, असा निकाल दिला. संविधानाच्या कलम 30 ने दिलेली स्वायत्तता मलाही प्यारी आहे. पण ती सरकारी हस्तक्षेपापासून संरक्षण म्हणून मिळाली आहे, आपल्याच पालकांना दाराबाहेर ठेवण्यासाठी नव्हे. कायद्याची सक्ती नसली, तरी अशी समिती नेमायला आपल्याला कुणी मनाई केलेली नाही.

शाळेच्या इमारतीसाठी चंदा हवा असला की आपण घरोघरी जातो. सातवीनंतर मुलगी शाळेत का येत नाही, हे तिच्या अम्मीला विचारायलाही त्याच घरी जायला हवे. आणि ती जे सांगेल, त्यावर निर्णय घेताना तिला खुर्ची द्यायला हवी.