नॅनोचं गिऱ्हाईक

वाशीम जिल्ह्यात बाजाराच्या दिवशी रिसोड-कारंजाकडे निघालेली अख्खी गृहस्थी आजही एकाच दुचाकीवर दिसते: नवरा, बायको, मधे पोरं. असंच एक कुटुंब पावसात स्कूटरवर पाहून रतन टाटांना लाखाच्या मोटारीची कल्पना सुचली.

जानेवारी २००८मध्ये दिल्लीत नॅनो दाखवली गेली, मार्च २००९मध्ये बाजारात आली. मागे ६२४ सीसीचं इंजिन; मागून डिकी उघडायची सोयच नाही. बियाण्याची पिशवी ठेवायची कुठे? सीटवर! पण खरा घात केला तो ‘स्वस्त’ या शब्दाने. बैलजोडी असो की मोटार, दारात उभी असलेली वस्तू चारचौघांत मिरवायची असते.

मग कंपनी शहरी तरुणांकडे वळली. चटकदार जाहिराती, २०१४ला पॉवर स्टिअरिंगची ‘ट्विस्ट’, २०१५ला उघडणाऱ्या डिकीची ‘जेनएक्स’. तरुण भुलले नाहीत, आणि स्कूटरवरचं कुटुंब तर जाहिरातीतूनच उतरलं होतं.

टोयोटाचंही अमेरिकेत हेच झालं. खास तरुणांसाठी काढलेला ‘सायन’ हा मोटारींचा ब्रँड २०१६मध्ये गुंडाळला.

जून २०१८मध्ये फक्त एक नॅनो तयार झाली.