हाडाला घाई कळत नाही: मणके सांधण्याचं ऑपरेशन आणि नंतरचं दुखणं

गेले चार महिने काही लिहिणं झालं नाही. कारण घरचं होतं. आईच्या कमरेचा चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकला होता आणि पायाकडे जाणारी नस दबली होती. छत्रपती संभाजीनगरला ऑपरेशन झालं. दोन्ही मणके स्क्रू आणि सळ्यांनी बांधले, मध्ये हाडाचा चुरा भरला. याला स्पायनल फ्युजन म्हणतात, म्हणजे दोन मणके सांधून एक करणं. पाचव्या दिवशी तिला मेहकरला घरी आणलं. वाटेतला एकेक स्पीडब्रेकर तिने मोजला असेल.

शेजारच्या आजी बघायला आल्या. म्हणाल्या, "थोडं सोसा लागते बाई." आईने ते फारच मनावर घेतलं. एका गोळीपुढे ‘दुखल्यास’ असं लिहिलेलं होतं. तिने त्याचा अर्थ ‘अगदीच जीव जायला लागला तर’ असा लावला. त्यामुळे गोळी नाही, आणि गोळी नाही म्हणून उठणंही नाही. मी तर हाड तयार करणाऱ्या पेशींवर पीएचडी करते. आणि मीच तिला सांगत होते, "आई, हलू नको, स्क्रू निघेल." आठव्या दिवशी डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "रोज किती चालताय?" आम्ही दोघी गप्प.

त्या रात्री मी या ऑपरेशनचा इतिहास वाचायला घेतला. आमच्या दोघींच्या चुका त्यात आधीच होऊन गेल्या होत्या.

कलमाची कल्पना

हे ऑपरेशन कंबरदुखीसाठी जन्मलंच नाही. ते आलं मणक्याच्या क्षयासाठी. या आजारात मणका पोखरला जातो, ढासळतो आणि पाठीला कुबड येतं. १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन सर्जननी, रसेल हिब्स आणि फ्रेड अल्बी यांनी, वेगवेगळ्या पद्धतीने मणके सांधून दाखवले. हिब्सने मणक्यांचेच हाडाचे तुकडे एकमेकांवर वळवले. अल्बीने नडगीच्या हाडाची पट्टी काढून पाठीच्या कण्यात बसवली. अल्बी शेतकऱ्याच्या घरचा, लहानपणी आजोबांकडून फळझाडांची कलमं करायला शिकलेला. हाडाच्या कलमाची कल्पना त्याने तिथूनच उचलली.

आपल्याकडे संग्रामपूर, जळगाव जामोद भागातल्या संत्रावाल्यांना हे लगेच कळेल. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची. पट्टी डोळा जगवत नाही, ती फक्त त्याला हलू देत नाही. आईच्या पाठीतले स्क्रू म्हणजे ही पट्टी. फरक एवढाच की झाडात तो डोळाच फुटून वाढतो. हाडात मात्र भरलेला चुरा बहुतेक करून मचाणासारखा वापरला जातो. आधी तिथे सूज येते, मग नव्या रक्तवाहिन्या शिरतात. एका प्रकारच्या पेशी जुनं हाड खातात, दुसऱ्या नवीन रचतात. पक्कं सांधायला कित्येक महिने लागतात, कधी वर्षही. १९११ मध्ये हाडाला जेवढा वेळ लागत होता, साधारण तेवढाच आजही लागतो. शंभर वर्षांत बदललं ते दुसरंच: या महिन्यांत माणसाने राहायचं कसं.

"पडून राहा"

तेव्हा स्क्रू नव्हते. म्हणून रुग्ण, त्यात कितीतरी लहान मुलं, आठवडेच्या आठवडे खाटेला आणि नंतर प्लास्टरच्या जाकिटात. १९६२ मध्ये पॉल हॅरिंग्टन यांनी वाकड्या कण्यासाठी स्टीलच्या सळ्यांची पद्धत प्रसिद्ध केली, तरी प्लास्टर सुटलं नाही. फ्रान्सच्या रॉय-कॅमिय यांनी १९६३ पासून मणक्याच्या आत स्क्रू बसवायला सुरुवात केली. पुढे ती पद्धत जगभर पसरली आणि रुग्णाला लवकर उभं करता येऊ लागलं.

पण विश्रांतीवरचा विश्वास नुसत्या स्क्रूमुळे हलला नाही. १९४७ मध्ये रिचर्ड अ‍ॅशर या ब्रिटिश डॉक्टरने एक छोटा लेख लिहून अंथरुणाचे धोके मांडले: पायात रक्ताच्या गाठी, फुफ्फुसात कफ, बद्धकोष्ठ, झिजणारे स्नायू, विरघळणारं हाड. मग १९६० च्या दशकात कोरियात मणक्याच्या क्षयावर चाचण्या झाल्या. मसानमध्ये काही रुग्ण सहा महिने झोपवून ठेवले, काही चालतेफिरते ठेवले. पुसानमध्ये काहींना प्लास्टर, काहींना नाही. औषधं नीट चालू असतील तर झोपून राहण्याचा आणि प्लास्टरचा वेगळा फायदा दिसला नाही. तो आजार वेगळा, हे खरं. पण पाठीचं काहीही झालं की आडवं पडायचं, या समजुतीला तिथे मोठा तडा गेला.

दुखणं म्हणजे मीटर नव्हे

माझं "हलू नको" कुठून आलं? दुखतंय म्हणजे आत काहीतरी तुटतंय, या समजुतीतून. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर हा अमेरिकन डॉक्टर इटलीच्या आघाडीवर होता. त्याने पाहिलं की गंभीर जखमी सैनिकांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश जणांना मॉर्फिन नको होतं. जखम मोठी, पण ती घरी परत जाण्याचं तिकीट होती. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी याला एक चौकट दिली. पाठीच्या कण्यात जणू एक फाटक आहे. वेदनेचा संदेश तिथून वर जातो. स्पर्शाचे संदेश ते फाटक काहीसं लावून घेतात, आणि मेंदूसुद्धा वरून ते उघडझाप करतो. भीती, जागरण, एकटेपणा यांनी ते जास्त उघडतं. तपशील पुढे बरेच बदलले, मूळ मुद्दा टिकला. दुखणं खरंच असतं, पण ते आतल्या नुकसानीचं माप नसतं.

म्हणून "सोसा लागते" हा सल्लाही अर्धाच बरोबर. सोसण्यात आई उठत नव्हती, खोल श्वास घेत नव्हती, झोपत नव्हती, आणि झोप नाही म्हणून आणखी दुखत होतं.

अफू शेजारी, मॉर्फिन दूर

आपल्याकडे सोसण्याचं कौतुक का, याचं एक उत्तर कायद्यातही आहे. सातपुडा आणि नर्मदा ओलांडली की माळवा. तिथे नीमच, मंदसौरला सरकारी परवान्याने अफू पिकते आणि नीमचच्या कारखान्यात तिच्यापासून औषधं बनतात. तरी १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांच्या किचकटपणामुळे कितीतरी दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं, आणि देशातला त्याचा वैद्यकीय वापर प्रचंड घसरला. २०१४ मध्ये दुरुस्ती करून हे सोपं केलं गेलं. उलट अमेरिकेत १९९० च्या दशकापासून अशा गोळ्या इतक्या सढळ हाताने वाटल्या गेल्या की व्यसनाची साथच आली. म्हणून आता सर्जन पॅरासिटामॉलसारखी साधी औषधं वेळेवर देतात आणि तीव्र औषध मोजकं, थोडे दिवस.

घरी

आपल्या विदर्भात पाठीच्या दुखण्याबरोबर जगलेलं मोठं नाव म्हणजे बाबा आमटे. मणक्याच्या आजाराने त्यांना बसता येत नसे. उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं. तसेच ते १९८५ मध्ये ‘भारत जोडो’ला कन्याकुमारीहून निघाले. त्यांचं नाव घेऊन "बघा, कसं सोसलं" असं सांगणं सोपं आहे. मला त्यात वेगळं दिसतं. जे जमत नाही ते सोडून, जे जमतं त्याभोवती त्यांनी दिवस रचला.

आम्हीही तेच केलं. डॉक्टरांना विचारून गोळी घड्याळाप्रमाणे, आणि अर्ध्या तासाने चालणं. आधी ओसरीपर्यंत, मग फाटकापर्यंत, मग मारुतीच्या पारापर्यंत. उठताना ओंडक्यासारखं एका कुशीवर वळून. वाकणं, वजन उचलणं बंद. बाबांचा खर्राही घरात बंद, कारण निकोटीन हाड सांधू देत नाही आणि आई अधूनमधून त्यातला चिमूटभर घ्यायची. पायात नवी कमजोरी, ताप, जखमेतून पाणी किंवा लघवीवरचा ताबा जाणं, असं काही झालं तर मात्र थांबायचं नाही, लगेच डॉक्टर. ही यादी फ्रिजवर चिकटवली आहे. "किती दुखतंय?" ऐवजी मी आता "आज कुठवर गेलीस?" असं विचारते.

मागच्या आठवड्यातल्या एक्स-रेमध्ये दोन मणक्यांमध्ये धूसर पांढरं दिसलं. डॉक्टर म्हणाले, हाड धरतंय, अजून वेळ आहे. संध्याकाळी कंबर अजून ठणकतेच. आजी परवा पुन्हा आल्या, म्हणाल्या, "सोसलं बाई तू."

आई म्हणाली, "सोसलं नाही मावशी. गोळी घेतली अन् चालले."